बाजूच्या प्लॉटमधली वाट

नोटरीबाईंनी विचारलं तेव्हा निबियाला स्वतःच्या घराचा नंबर सांगता आला नाही, आणि तो हेबेरनं सांगितला. झालं ते एवढंच. "पुंता मोरेनाच्या घराचा प्लॉट नंबर काय?" इव्होनबाईंनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं, आणि निबियाला हसू आलं, कारण समुद्रकाठच्या त्या गावात घराचा नंबर विचारतो कोण? तिथे घरांना नावं असतात. कुणाचं 'पोर फिन', म्हणजे झालं बाई एकदाचं. कुणाचं नवराबायकोच्या नावांचे तुकडे जोडून केलेलं. आणि निबियाच्या बापानं दर शनिवारी मोंतेविदेओहून बस पकडून, स्वतःच्या हातांनी विटा रचून बांधलेलं ते 'ला पोर्फियादा', हट्टी बाई. हे नाव आईवरून पडलं होतं. गॅसवाला, लाकूडवाला, सगळे नावावर येतात. "नंबर घरी कुठल्यातरी पावतीवर असेल," ती म्हणाली, "बघून कळवते." तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून, जेवताना मीठ पुढे सरकवावं इतक्या सहज, हेबेर म्हणाला, "सतराशे बेचाळीस." इव्होनबाईंनी लिहून घेतलं. "वा! होणारा नवरा असावा तर असा," त्या म्हणाल्या, "आमच्याकडच्याला माझा वाढदिवस सांगावा लागतो, तोही दोनदा." हेबेर हसला. निबियाही हसली, पण हसता हसता तिच्या मनात पाल चुकचुकली. ज्या घरात तिचा पहिला दात पडला त्याचा नंबर तिला माहीत नाही, आणि परवापरवा गायनवृंदात भेटलेल्या या माणसाला तो तोंडपाठ! तुला रे कसा माहीत, असं तिथल्या तिथे विचारायचं होतं. पण इव्होनबाई पुढे गेल्या. घर तसंही तुमचंच राहणार, त्या सांगत होत्या, लग्नाआधीचं आहे ते. वाटण्यांच्या कराराचा हा कागद पुढच्यासाठी, उद्या यांनी छप्पर घालून दिलं, तुम्ही घर भाड्यानं दिलंत, मग ते पैसे कुणाचे, असल्या भांडणांसाठी. "आणि हेबेर, तुमचं काय काय?" हेबेरनं बोटांवर मोजलं. "ला ब्लांकेआदातला फ्लॅट. गाडी, तिला गाडी म्हणायचं असेल तर. बाकीचं मी तुम्हाला कळवतो." बाकीचं? बाकीचं काय असतं भूगोलाच्या निवृत्त मास्तराकडे? निबियानं त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे बघत होता.

खाली रस्त्यावर जुलैचा, म्हणजे इथल्या हिवाळ्याचा, बोचरा वारा सुटला होता आणि हेबेरनं, या शहरातले सगळेच पुरुष करतात तसं, काखेतला थर्मास काढून चालता चालता येर्बाच्या पेल्यात गरम पाणी ओतलं. भोपळ्याच्या पेल्यातला तो कडू हिरवा चहा धातूच्या एकाच नळीनं, पाळीपाळीनं ओढायचा, आणि तळाशी आला की थांबायचं, निदान निबियाच्या घरी तरी तसं शिकवलं होतं. हेबेर थांबत नसे. तो शेवटच्या थेंबापर्यंत ओढायचा, आणि नळीतून खुर्रर्र असा आवाज निघायचा, तोही बसमध्ये, बँकेत, एकदा तर अंत्ययात्रेत. त्या आवाजानं तिच्या दातांवर शिरशिरी यायची. "अरे, बास की!" ती म्हणायची. "तळात काही सोडायचं नाही," तो म्हणायचा, "पैसे दिलेत." आज तिचं तिकडे लक्षही गेलं नाही. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. हा कागद करायचं तिनंच काढलं होतं, म्हणजे काढलं होतं तिच्या मुलीनं, लोरेनानं, स्पेनमधून फोन करकरून, पण हेबेरला सांगताना निबियानं सगळं लोरेनावरच ढकललं होतं: पोरीला काळजी वाटते रे, तू मनाला लावून घेऊ नकोस. तेव्हा तो भांडी विसळत होता. "बरं," तो म्हणाला होता. एक शब्द. ना राग, ना टोमणा, ना 'माझ्यावर विश्वास नाही का'. त्या वेळी तिला किती हायसं वाटलं होतं! आता तो 'बरं' तिला पुन्हा ऐकू आला आणि वाटलं, इतक्या झटकन? ज्याला काहीच लपवायचं नाही तो जरा तरी दुखावतो. जो आधीच सगळा हिशेब करून बसलाय तोच असा साळसूदपणे बरं म्हणतो. "गप्प का गं?" हेबेरनं विचारलं. "थंडी," ती म्हणाली.

प्रयोगशाळेत काचपट्टीवर कुणाचं तरी रक्त पसरून ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची, आणि तिला हे काम आवडायचं ते एकाच कारणानं, रक्ताला बनाव जमत नाही. माणूस गोड हसत आत येतो, हवापाण्याच्या गप्पा मारतो, आणि त्याच्या आत काय चाललंय ते त्याच्या आधी निबियाला कळतं. पण माणसाच्या बाबतीत तिचा डोळा एकदा दगा देऊन गेला होता, आणि तो सुद्धा त्या घरापाशीच. 'ला पोर्फियादा'च्या बाजूला एक रिकामा प्लॉट होता, पाइनची झाडं आणि वाळू, मालक कोण कुणालाच ठाऊक नाही, आणि त्यातून तिरकी जाणारी, एकाच माणसापुरती अरुंद वाट होती, थेट समुद्रावर उतरणारी. ती वाट कुणी केली नव्हती, निबियाच्या बापाच्या, आईच्या, तिच्या पायांनी ती पडली होती. लोरेना लहान असताना एका सकाळी निबिया त्या वाटेनं पुढे चालली होती आणि तिचा नवरा रुबेन मागे. ती बोलत होती. पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, युनिफॉर्म केवढ्याचा, मास्तरीण कशी खवट आहे, असं काहीबाही, आणि मधूनमधून 'हो की नाही?' विचारत होती आणि उत्तराची वाट न बघता पुढचं बोलत होती. पाइनच्या सुया आणि वाळू, पावलं वाजत नाहीत तिथे. समुद्र दिसला, ती वळली, आणि मागे कोणी नव्हतं. नुसती वाट. रुबेन कधीचा माघारी वळून दुकानातल्या फोनवरून त्या दुसरीशी बोलत होता, हे तिला पुढे महिन्यांनी कळलं. पण निबियाच्या अंगात राहिलं ते दुसरी बाई नाही, ते एकटीचं बोलणं राहिलं. किती वेळ आपण त्या झाडांशी युनिफॉर्मबद्दल बोलत होतो! त्या दिवसापासून ती त्या वाटेवर कधी पुढे चालली नाही. जो कोणी बरोबर असेल त्याला पुढे घालायची, डोळ्यांसमोर. हेबेरलाही. "कैद्याला नेतेस तसं नेतेस मला," तो पहिल्याच उन्हाळ्यात म्हणाला होता, पुढे चालता चालता, मान न वळवता. "हात वर करू का?" ती तेव्हा खळखळून हसली होती. आता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तिला वाटलं, तो हसवून वेळ मारून नेतो. रुबेनही हसवायचा.

"आई, तुला मी आधीच सांगत होते," लोरेना फोनवर म्हणाली. तिच्याकडे उन्हाळा होता, मागून पोरांचा आणि पाण्याचा आवाज येत होता. "नंबर पाठ म्हणजे काय! तो चौकशी करून आलाय कुठेतरी. घराची किंमत काढली असेल." निबियाला राग आला, हेबेरचा नाही, लोरेनाचा. "अगं, मास्तर माणूस आहे, नंबर लक्षात राहतात त्याच्या. राजधान्या सांगतो, नद्यांची लांबी सांगतो." "मग तुझं घर काय नदी आहे?" निबियानं फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. हेच तर तिला नको होतं. मनात जे आलं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते खरं वाटायला लागतं. आणि लग्न मोडलं तर? या वयात पुन्हा कोणी भेटणार नव्हतं, हे तिला आरशाइतकं स्वच्छ माहीत होतं, आणि भेटावं असंही नव्हतं, तिला हाच हवा होता. सकाळी बाथरूममध्ये कार्निव्हलची गाणी बेसूर गाणारा, तिच्या चपला दाराकडे तोंड करून ठेवणारा. घरात दुसऱ्याचा खोकला ऐकू येणं म्हणजे काय, हे एकट्या राहिलेल्या माणसालाच कळतं. तो गेला तर आपण पुन्हा टीव्ही लावून जेवू. आणि तो राहिला, आणि तो तसला निघाला, तर? बापाचं घर जाईल. दोन्हीकडून तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि हे सगळं त्या एका नंबरामुळे.

म्हणून तिनं प्रयोगशाळेत सर्दीचा बहाणा केला आणि हेबेरला न सांगता बस धरून पुंता मोरेनाला गेली. हिवाळ्यातलं ते गाव म्हणजे बंद खिडक्या आणि कुत्री. ढगाळ हवा, चुलीच्या धुराचा वास, आणि कुठून तरी चरबीत तळल्याचा वास, म्हणजे शेजारची चेलामावशी घरी असणार. निबिया 'ला पोर्फियादा'च्या फाटकाशी पोचली, पण तिची नजर घरावर गेलीच नाही, ती बाजूच्या प्लॉटवर गेली. चार कोपऱ्यांना चार नवे खुंट. खुंटांना लाल फिती. खुंटाखुंटांमधून ताणलेली पांढरी दोरी. दोरी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून, अगदी भिंतीला खेटून गेली होती. पलीकडे पाइनमधून समुद्राचा तो तुकडा दिसत होता, चार बोटं रुंद, बाप म्हणायचा की एवढ्यासाठीच खिडकी इथे फोडली. "आलीस का?" मागून चेलामावशी म्हणाली. तिच्या हातात ताटली, ताटलीत गरम तोर्ता फ्रिता, पाऊस येणार असला की घरोघरी तळतात त्या पुऱ्या. "खा आधी. तोंड बघ कसं झालंय." "मावशी, हे कुणी केलं?" "कोणी म्हणजे? तुझ्यानंच की." "माझ्यानं?" "मग काय माझ्यानं? माझा नवरा जाऊन किती वर्षं झाली. तुझा मास्तर! मोजणीवाला घेऊन आला होता. दिवसभर इथे फिती लावत बसले दोघे, मी जेवायला घातलं." चेलामावशीनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि ताटली खाली केली. "अगंबाई. तुला ठाऊक नाही?" निबिया म्हणाली, "आहे. ठाऊक आहे." खोटं इतकं पटकन आलं की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "मला वाटलंच," मावशी म्हणाली, पण तिला तसं वाटलेलं दिसत नव्हतं. "मालक म्हातारा तिकडे मिनास गावात असतो, मीच त्याला पत्ता काढून दिला. तुझ्या घराचा नंबर विचारून घेतला, त्याच्या पुढचाच हा, म्हणजे शोधायला सोपं. मला म्हणाला, मावशी, कुणाला बोलू नका. मी कशाला बोलतेय? पण प्लॉट का घेतला ते सांगू का तुला, तो म्हणत होता—" "नको," निबिया म्हणाली, "मला माहितीये." तिला ऐकायचं नव्हतं. चेलामावशीच्या तोंडून जे येईल ते हेबेरनं तिथे पेरून ठेवलेलं असणार, असं तिला वाटलं. पुरी तिनं खाल्ली. जीभ भाजली. जाता जाता तिला दिसलं की वाट जिथे प्लॉटमध्ये शिरते तिथे दोरी नव्हती, दोन जादा खुंट ठोकून तेवढी जागा मोकळी सोडली होती, आणि पलीकडे समुद्राच्या बाजूलाही तसंच. फाटकासाठी, तिनं ताडलं. फाटक लावणार, कुलूप घालणार. बसमध्ये बसून तिनं सगळं जुळवलं. लग्न करायचं, तिच्या घरात राहायचं, बाजूला स्वतःच्या नावावर बांधायचं, आणि वाटण्या स्वच्छ लिहून ठेवायच्या, तिच्याच हट्टानं, तिच्याच पैशानं. म्हणून 'बरं'. म्हणून 'बाकीचं'. कुठेतरी पाणी मुरतंय म्हणता म्हणता तिला आख्खी विहीर सापडली होती, आणि खोटं कशाला बोला, तिला त्यात एक प्रकारचं समाधानही वाटलं. काचपट्टीवर शेवटी तो जंतू दिसला की वाटतं तसं. मग मात्र खिडकीच्या काचेला डोकं टेकवून ती रडली.

त्या दिवशी संध्याकाळी तो मसुराचं कालवण करत होता आणि गात होता. "कसा गेला दिवस?" त्यानं विचारलं. "बरा," ती म्हणाली. त्याच्या बुटांना वाळू आहे का, हे तिनं पाहिलं. त्यानं तिच्या बुटांकडे पाहिलं की नाही, हे तिला कळलं नाही. पुढचे पंधरा दिवस तिनं त्याच्याकडे असंच पाहिलं, पाव कापताना, पेपर वाचताना, डुलकी घेताना, आणि प्रत्येक गोष्टीला दोन अर्थ निघत होते. तो चहा आणून द्यायचा, तर का आणून देतोय? नाही आणला, तर आता गरज उरली नाही वाटतं. विचारून टाक की, असं ती स्वतःला म्हणायची. पण विचारायचं म्हणजे त्याला कळणार की हिला माहीत आहे, आणि जे माहीत आहे तेवढंच तर हिच्या हातात होतं. तेही देऊन टाकलं की उरलं काय? शिवाय तो उत्तर देईल. गोड, नीट, पटेल असं उत्तर. रुबेनकडेही प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. म्हणून ती चौकशी करत राहिली, आडून आडून: गायनवृंदातल्या बाईकडे, लोरेनाकडे रोज, एकदा चेलामावशीला पुन्हा फोन करून, खुंट आहेत का अजून, म्हणून. आणि मधूनच एखाद्या रात्री झोपेत त्याचा हात तिच्या पाठीवर पडायचा, जड, ऊबदार, काही न मागणारा, आणि तिला वाटायचं की आपण वेड्या झालोय.

सहीच्या दिवशी इव्होनबाईंनी नेहमीसारखं सगळं मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं. इथे नोटरीनं वाचल्याशिवाय आणि पक्षकारांनी ऐकल्याशिवाय सही होत नाही, आणि बाईंचा आवाज चर्चमधल्यासारखा एकसुरी होता. निबियाचं काय काय ते झालं. मग हेबेरचं. फ्लॅट. गाडी. "आणि पुंता मोरेना इथला बांधकाम नसलेला प्लॉट, नंबर सतराशे त्रेचाळीस." निबियानं डोळे टेबलावर ठेवले. आलं. उघड लिहिलंय, तिला वाटलं, म्हणजे निर्ढावलाय. आता बाई पान उलटतील आणि सही कुठे करायची ते दाखवतील. पण इव्होनबाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. "हे वेगळं आहे," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा त्याच सुरात वाचू लागल्या, की प्लॉट सतराशे त्रेचाळीसमधून सतराशे बेचाळीसच्या मालकिणीला आणि तिच्यामागून जे कोणी मालक होतील त्यांना समुद्रावर पायी जाण्याचा हक्क कायमचा राहील, वाट आहे तिथेच राहील, तिच्यावर कुंपण, फाटक, भिंत येणार नाही, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर झाडांशिवाय काही उभं राहणार नाही. "पहिला करार लग्नावर अवलंबून आहे," बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "लग्न झालं नाही तर तो रद्द. हा मात्र नाही. लग्न झालं नाही तरी हा राहतो." निबियाला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा तिच्या मनानं काय पकडावं? ती वाट नाही. खिडकी नाही. 'लग्न झालं नाही तरी.' म्हणजे यानं ते धरूनच ठेवलंय. म्हणजे याला ते करायचंच नाही, आणि हा निघून जाण्याआधीचा अहेर आहे. ती इव्होनबाईंकडे वळली. "हा दुसरा कागद यांनी तुम्हाला कधी सांगितला?"

"मला विचार ना," हेबेर म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मी इथेच बसलोय." मग त्यानं पेला टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "तू मावशीला विचारलंस. लोरेनाला विचारलंस. वृंदातल्या मार्गोतला विचारलंस की मी कधी प्लॉटचा धंदा केलाय का. आता बाईंना विचारतेस. एक मलाच सोडलंस." "मावशी बोलली तुला?" "तिच्या तोंडात तीळ भिजतो का? तू बसमध्ये चढायच्या आत तिचा मला फोन. म्हणाली, मास्तर, तिला काही माहीत नाही आणि ती म्हणते सगळं माहीत आहे." इव्होनबाई उठल्या आणि म्हणाल्या की मी जरा पाणी बघते, आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं. निबियाच्या कानशिलात रक्त उसळलं. पंधरा दिवस! पंधरा दिवस ती त्याला काचेखाली ठेवून बघत होती, आणि तो काचेखालून तिला बघत होता. "मग तूच का नाही बोललास?" ती ओरडली. "वाट बघत होतो." "कसली?" "तू विचारायची." त्याचे हात मांडीवर होते, खडूची सवय गेलेले, म्हातारे होऊ लागलेले हात. "विचार," तो म्हणाला. आणि तिनं विचारलं, घोगऱ्या आवाजात, शाळेतल्या पोरीसारखं: "का घेतलास तो प्लॉट?" "म्हाताऱ्याकडे एक जण मागायला आला होता. तीन मजली बांधणार होता, उन्हाळ्यात भाड्यानं द्यायला. मावशीनं मला सांगितलं. मी म्हटलं, ही तर सकाळी उठली की आधी खिडकीशी जाते, दात घासायच्या आधी. माझ्याकडे आईचे म्हणून ठेवलेले थोडे पैसे होते. लग्नाच्या दिवशी सांगणार होतो. मग तू हा कागद काढलास. आता सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, भाव वाढवतोय." "आणि लग्न झालं नाही तरी, हे?" हेबेरनं खांदे उडवले, पण त्याचे डोळे भरून आले होते. "तू ज्या नजरेनं बघत होतीस ना मला, निबिया, मला वाटलं नाही की तू येशील आज. म्हटलं, वाट तरी राहू दे तुझी."

आता तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. लाज वाटली, भयंकर लाज, आणि त्या लाजेखाली, तिच्या स्वतःच्या डोळ्यांदेखत, ती पाल पुन्हा हलली: तीन मजलीवाला खरंच होता? मावशीला विचारून बघावं का? निबियानं ते ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं, आपलाच आवाज, आपलीच भाषा. तिला कळलं की हा आवाज जाणार नाही. हेबेरनं सगळं जग तिच्या नावावर केलं तरी तो विचारेल की सगळं का केलं. तो रुबेननं दिला होता असं ती इतकी वर्षं म्हणत आली होती, पण रुबेन कधीच गेला होता, आणि त्या आवाजाला खाऊपिऊ घालत होती ती स्वतःच. "मला अजूनही शंका येते," ती हेबेरला म्हणाली. असं ती जन्मात कुणाला म्हणाली नव्हती. "आत्ता सुद्धा. हे सगळं ऐकून सुद्धा." तिला वाटलं तो उठेल. हेबेर म्हणाला, "माहितीये. पण मग मला येऊन सांग. मावशीला नको, ती फोनचं बिल माझ्याकडून घेते." आणि निबिया रडता रडता फसकन हसली, इतक्या जोरात की इव्होनबाईंनी दार किलकिलं करून डोकावून पाहिलं. सह्या झाल्या, दोन्ही कागदांवर. तिची सही थोडी वाकडी आली.

शनिवारी ते पुंता मोरेनाला गेले. पाऊस पडून गेला होता, खुंट होते, फिती भिजून लोंबत होत्या, आणि दोरी त्यानं गुंडाळून खिशात घातली. मावशी खिडकीतून हात हलवत होती, निबियानंही हलवला, जरा तोऱ्यात. वाटेच्या तोंडाशी हेबेर सवयीनं पुढे झाला. "हात वर?" त्यानं विचारलं. "थांब," निबिया म्हणाली, "मी पुढे जाते." तो बाजूला झाला आणि ती त्याच्या जवळून, पाइनची ओली फांदी हातानं सारून, वाटेवर शिरली. पाठ उघडी पडल्यासारखी वाटली, थंडी शिरली मणक्यात. ती बोलायला लागली. लग्नाच्या दिवशी लोरेना कुठे झोपेल, गादी आणावी लागेल, मावशीला बोलवावं की तिच्या तोंडाला कुलूप घालून बोलवावं, असं काहीबाही. मागून काही आवाज नाही. पाइनच्या सुया, ओली वाळू, पावलं वाजत नाहीत तिथे. 'हो की नाही?' तिनं विचारलं, आणि समोरून वारा होता, उत्तर आलं असेल तर ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. तिची मान वळायला आली. आख्खं अंग म्हणत होतं, बघ, एकदा बघ, नुसतं डोळ्याच्या कडेनं. ती गादीबद्दल बोलत राहिली. तिचा आवाज कापत होता आणि तो तिला स्वतःला ऐकू येत होता, त्या सकाळसारखाच, झाडांना सांगितल्यासारखा. वाट वळली, झाडं विरळ झाली, आणि पुढे समुद्र उघडला, राखाडी, मोठा, कुणाच्या नावावर नसलेला. आता थांबावंच लागणार होतं. ती थांबली. वळली नाही. "तर गादी आणायची," ती समुद्राकडे बघत म्हणाली, आणि श्वास धरून उभी राहिली.

मागे, अगदी पाठीशी, खुर्रर्र असा आवाज झाला, पेल्याच्या तळापर्यंत, शेवटच्या थेंबापर्यंत. निबियाच्या दातांवर शिरशिरी आली. तिनं डोळे मिटले आणि न वळता हात मागे केला, आपल्या पाळीचा पेला मागायला.